मुंबईतल्या श्रीमंतांकडून नक्की काय मागायचं: दान, कर की मत?

शंकासूर:
'वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅब'च्या २०२४ च्या अभ्यासानुसार २०२२-२३ मध्ये भारतातल्या वरच्या १ टक्का लोकांकडे देशाच्या उत्पन्नातला २२.६ टक्के आणि संपत्तीतला ४०.१ टक्के वाटा होता. हा आकडा टाकला की दोन ठरलेली उत्तरं येतात. एक, 'सगळे लुटारू'. दोन, 'मग नोकऱ्या कोण देतं?' या दोघांनी मिळून याआधीच्या धाग्यांचं मातेरं केलंय, तेव्हा इथे ती नकोत.

प्रश्न एवढाच. मुंबईत राहणारा, १०० कोटींच्या पुढे निव्वळ मालमत्ता असलेला माणूस घ्या. नागरिक म्हणून त्याच्यावर आपल्यापेक्षा जास्त राजकीय जबाबदारी आहे का? असेल तर ती कुठल्या कागदावर उतरते? दानाबद्दल विचारत नाही, ते ज्याच्या त्याच्या मर्जीवर.

माझं मत: कर भरला की सुटला, असं नाही. पालिकेची शाळा, पालिकेचं रुग्णालय, बेस्टची बस यांना ज्याच्याकडे पर्याय आहे तो त्यातून बाहेर पडतो. ज्यांच्या शब्दाला वजन आहे तेच बाहेर पडले की त्या सेवेसाठी भांडायला कुणी उरत नाही.

कायदा, दर, रक्कम, कुठे गळतं, असं लिहा. 'संवेदनशीलता हवी' छापाचे प्रतिसाद आले तर संपादकांनी बिनदिक्कत उडवावेत.

काडेपेटी:
रुमाल टाकून ठेवतो. प्रतिसादांची शंभरी नक्की.

जमाखर्च:
करापासून सुरू करू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहेत.

'श्रीमंतांवर संपत्तीकर लावा' म्हणणाऱ्यांना बहुधा ठाऊक नसतं की तो आपल्याकडे १९५७ पासून होता. २०१५ च्या अर्थसंकल्पात जेटलींनी काढला. शेवटचा दर ३० लाखांवरच्या निव्वळ संपत्तीवर १ टक्का. २०१३-१४ मधली देशभरची वसुली १,००८ कोटी. एवढी कमी का? कारण १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला शेअरसकट सगळी 'उत्पादक' मालमत्ता त्यातून वगळली गेली. मागे राहिलं काय, तर दुसरा फ्लॅट, मोकळा शहरी भूखंड, गाडी, दागिने, आणि ५० हजारांवरची रोकड. म्हणजे कंपनीत हजार कोटींचे शेअर असलेला प्रवर्तक बाहेर, आणि आजीच्या पाटल्या नि एक जास्तीची सदनिका असलेलं कुटुंब आत. दागिन्यांच्या मूल्यांकनावरून तंटे वेगळेच. कर वाईट नव्हता, त्याचा पाया पोखरला होता.

वारसाकराचीही तीच गत. १९५३ ते १९८५ होता, २० लाखांच्या वर दर ८५ टक्क्यांपर्यंत. वि. प्र. सिंहांनी तो काढला तेव्हा वर्षाला जेमतेम २० कोटी मिळत होते. दर चढा, चाळण मोठी.

आता आजचं. वर्षाला २५ लाख पगार असणाऱ्याच्या शेवटच्या रुपयावर प्राप्तिकराच्या नव्या पद्धतीत ३० टक्के अधिक उपकर, म्हणजे ३१.२ टक्के. ५० कोटींचा नफा घेऊन जुने शेअर विकणाऱ्याला १२.५ टक्के, त्यावर अधिभार जास्तीत जास्त १५ टक्के, मग ४ टक्के उपकर. एकूण १४.९५ टक्के. आणि विकलेच नाहीत तर शून्य. शेअर तारण ठेवून कर्ज काढा, खर्च भागवा. मेल्यावर वारसांना कर नाही. त्यांच्यासाठी खरेदीची किंमत मूळ मालकाचीच धरतात, त्यामुळे कर माफ होत नाही, पुढे ढकलला जातो. पण पुढची पिढीही विकत नाही.

दुसरी बाजू:
जमाखर्च, सगळं मान्य, पण अर्धंच सांगितलंत. १९७३-७४ मध्ये आपला सर्वोच्च दर अधिभार धरून ९७.७५ टक्के होता. त्यातून समता आली का काळा पैसा? जर्मनीत संपत्तीकराची वसुली १९९७ पासून बंद आहे. फ्रान्सने २०१८ मध्ये तो फक्त स्थावर मालमत्तेपुरता ठेवला. भांडवल पासपोर्ट न काढता उडतं. श्रीमंताची जबाबदारी कायद्यात असेल तेवढा कर वेळेवर भरणं, एवढीच. त्यापुढचं तुमचं काव्य.

पाववडा:
काव्य नको, वडापाव चालेल. कॉर्पोरेट करही २०१९ ला ३० वरून २२ टक्के केलाच की. उडायचं कारण काय उरलं?

जमाखर्च:
@दुसरी बाजू, दराबद्दल सहमत, म्हणून तर 'दर चढा, चाळण मोठी' म्हटलं. पण उदाहरणं तुम्हीच माझ्या बाजूची दिलीत. फ्रान्सने जे ठेवलं ते उडू न शकणारं. मुंबईतली जमीन उडत नाही. मूल्यांकनाची अडचणही फुगवलेली आहे. शेअर बाजारात नसलेल्या कंपनीचे शेअर भेट दिले तरी त्यांची किंमत काढायचं सूत्र प्राप्तिकर नियमांत आहेच.

एक बारीक गोष्ट राहिली. संपत्तीकर काढून त्याजागी कोटीपुढच्या उत्पन्नावर २ टक्के जादा अधिभार लावला, आणि त्यातून ९ हजार कोटी येतील असं सांगितलं. आकडा भला दिसतो. पण अधिभार आणि उपकर राज्यांच्या वाट्यात धरत नाहीत. संपत्तीकरातला हिस्सा महाराष्ट्राला मिळत होता, अधिभारातला एक पैसा मिळत नाही. पेडर रोडवरचा माणूस जास्त भरतोय आणि मुंबई ज्या राज्यात आहे त्याला त्यातून काही येत नाही. 'श्रीमंतांकडून घेतो' म्हणणाऱ्या प्रत्येक घोषणेत आधी हे बघावं, की घेतलेलं जातं कुठे.

आकडेमोडे:
विषमता वाढली हेच मुळात वादग्रस्त आहे. जागतिक बँकेच्या आकड्यात २०२२-२३ चा भारताचा जिनी निर्देशांक (विषमतेचं माप, आकडा जितका मोठा तितकी विषमता जास्त) २५.५ आहे, जगातल्या सगळ्यात कमी आकड्यांपैकी.

जमाखर्च:
तो खर्चाचा आहे, संपत्तीचा नाही. माणूस कितीही श्रीमंत झाला तरी गहू-तांदूळ ठरावीकच खातो. शिवाय पाहणी करणारा अँटॉप हिलच्या चाळीत सहज शिरतो, मलबार हिलच्या टॉवरचा वॉचमन त्याला खालूनच परत पाठवतो. दोन वेगळ्या गोष्टींची तुलना करून धागा भरकटवू नका.

बिलवाली:
केंद्राकडे बघत बसण्यापेक्षा पालिकेचं मालमत्ता कराचं बिल समोर घ्या. बहुतेक सोसायट्यांत ते फक्त खजिनदार बघतो.

बिलात एक कर नसतो, नऊ-दहा ओळी असतात: सर्वसाधारण कर, जल कर, जल लाभ कर, मलनिःसारण कर, मलनिःसारण लाभ कर, पालिका शिक्षण उपकर, राज्य शिक्षण उपकर, वृक्ष उपकर, पथ कर. व्यापारी गाळा असेल तर रोजगार हमी उपकरही. २०१० पासून आकारणी भांडवली मूल्यावर आहे. रेडी रेकनरचा (जमीन-घरांच्या सरकारी दरपत्रकाचा) मूळ दर, गुणिले वापराचा प्रकार, बांधकामाचा प्रकार, इमारतीचं वय, मजला, आणि चटईक्षेत्र. कागदावर चोख. ४६.४५ चौरस मीटर, म्हणजे ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०१९ मध्ये फक्त सर्वसाधारण कर माफ झाला होता, २०२२ पासून पूर्ण माफी आहे.

मग घोळ कुठे? दर पाच वर्षांनी फेरआढावा, आणि घरांच्या बाबतीत त्यात वाढ ४० टक्क्यांच्या वर न्यायची नाही अशी मर्यादा. २०२० चा फेरआढावा कोविडमुळे लांबला. जुन्या पद्धतीत, भाड्यावर आधारित आकारणीत, ज्यांचा कर हास्यास्पद होता त्यांची सुरुवातच तळातून झाली. म्हणून दक्षिण मुंबईतल्या प्रशस्त जुन्या घराचा कर त्याच्या बाजारभावाच्या मानाने किरकोळ, आणि कांदिवलीतल्या नव्या टू-बीएचकेचा डोळ्यात येण्याइतका. वाढीची नुसती चर्चा निघाली तरी सगळे पक्ष एका सुरात विरोध करतात, आणि त्या सुरामागे ५५० चौरस फुटांवाला पुढे दिसतो, ५,५०० वाला मागे मजेत उभा असतो. १०० कोटीवाल्याची जबाबदारी मला इथे दिसते: स्वतःच्या बिलावरच्या मर्यादेला त्याने जाहीरपणे विरोध करावा. वेगळा टप्पा मागावा, ३,००० चौरस फुटांच्या पुढे चढता दर.

काडेपेटी:
आणि तो मागेल. त्याच दिवशी लोकलही वेळेवर येईल.

बिलवाली:
@काडेपेटी, पाण्यात तसं आहेच की. सोसायटीचा दरडोई वापर १५० लिटरच्या वर गेला की पुढच्या टप्प्याला दुप्पट, मग तिप्पट. कुणी शहर सोडून गेल्याचं ऐकिवात नाही.

अजून एक गंमत. व्यवसाय कर. घटनेतच वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा आहे, १९८८ च्या ६० व्या दुरुस्तीपासून. त्याआधी २५० होती. महाराष्ट्रात महिना १० हजारांच्या वर पगार असलेल्या पुरुषाला दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३००. म्हणजे टॉवरचा वॉचमन २,५०० भरतो आणि त्याच टॉवरच्या वरच्या मजल्यावरचा संचालकही २,५००. बरोबरीचं एवढं सुंदर उदाहरण दुसरं नाही.

जुना मामलेदार:
बिलवाली यांनी व्यवसाय कर काढलाच आहे तर त्याचा जन्म सांगतो, कारण धाग्याच्या मूळ प्रश्नाचं एक जुनं उत्तर त्यात आहे.

१९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतल्या रोजगार हमीचा विस्तार झाला. ती कायम करायची तर पैसा कुठून आणायचा? १९७५ चा व्यवसाय कराचा कायदा त्यासाठीच आला. शहरातल्या पगारदाराने आणि व्यावसायिकाने भरायचं, खेड्यात खडी फोडणाऱ्याला मजुरी मिळायची. १९७७ च्या रोजगार हमी कायद्यात बाकीचे स्रोतही बांधून दिले: मोटार वाहनांवरचा जादा कर, विक्रीकरावरचा अधिभार, बागायतीवरची विशेष आकारणी, शहरी बिगरनिवासी मालमत्तेवरचा कर. आणि यातून जेवढं गोळा होईल तेवढीच रक्कम राज्याने आपल्या तिजोरीतून घालायची.

हा सरळ राजकीय सौदा होता. 'तुमच्याकडून घेतोय, अमक्यासाठी घेतोय' असं बिलावर छापलेलं. बिलवाली म्हणतात तो गाळ्याच्या बिलावरचा रोजगार हमी उपकर त्याचाच अवशेष. विधिमंडळात त्याला मोठा विरोध झाला नाही, कारण दुष्काळातले लोंढे मुंबईच्या फुटपाथवर येण्यापेक्षा हे परवडलं. स्वार्थ होता, पण तो कायद्यात बसवलेला होता. पुढे महागाई वाढत गेली, मर्यादा २,५०० वर गोठली, आणि कर सपाट झाला.

पाववडा:
मामलेदार, हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून काढाच. वाचनखूण साठवली.

लालबागची मिरची:
कर-कर चाललंय. मुंबईतली संपत्ती पगारातून नाही, जमिनीच्या नियमांतून तयार होते. विकास नियंत्रण नियमावलीतला नियम ५८ बघा.

मुंबईत ५८ गिरण्या, जमीन साधारण ६०० एकर. १९८२ च्या १८ जानेवारीला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर. पुढे गिरण्या मोडीत निघाल्या आणि जमीन सोन्याची झाली. १९९१ च्या नियमात ढोबळ वाटणी अशी: एक तृतीयांश मोकळी जागा पालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला (राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाला) घरांसाठी, एक तृतीयांश मालकाला. २००१ मध्ये दुरुस्ती झाली. वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची. शेड पाडून मोकळी होणारी जमीन त्यात धरायची नाही. आता गिरणी म्हणजे काय मैदान असतं? कंपाउंडभर शेड, गोदामं, चाळी. तृतीयांशाचा हिशेब लागायला जमीनच उरली नाही. ऑक्टोबर २००५ मध्ये उच्च न्यायालयाने ही दुरुस्तीची मांडणी फेटाळली, मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरली. परळ-लोअर परळचं आजचं रूप त्याच निकालातून आलेलं आहे.

कुणी कायदा मोडला नाही. म्हणून 'कायद्यात असेल तेवढा कर भरला की झालं' हे @दुसरी बाजू यांचं म्हणणं मला पटत नाही. कायदा लिहिताना कोण टेबलाशी बसतो आणि कोण म्हाडाच्या घरांच्या लॉटरीच्या रांगेत उभा राहतो, राजकीय जबाबदारीचा प्रश्न तिथे सुरू होतो.

दुसरी बाजू:
मिरचीताई, गिरण्या तोट्यात होत्या. मालकाला काही मिळालं नसतं तर त्या जागी आज कुलूपबंद शेड आणि उंदीर असते.

लालबागची मिरची:
तृतीयांश मिळत होताच. ६०० एकरांचा तृतीयांश म्हणजे परळात २०० एकर. त्यात 'काही मिळालं नसतं' म्हणणारा माणूस मुंबईचा नसावा.

ठाणेकरीण:
मी खाडीपलीकडची, तरी मिरचीताईंना +१.

घोडेस्वार:
महालक्ष्मीच्या रेसकोर्सलाही विसरू नका. १९१४ चा ९९ वर्षांचा भाडेपट्टा २०१३ ला संपला. नवा व्हायला २०२४ उजाडलं. २११ एकरांपैकी १२० एकर सार्वजनिक उद्यानासाठी, ९१ क्लबकडे पुढची ३० वर्षं. मधली दहा वर्षं नूतनीकरणाशिवाय गेली. उलट झोपडपट्टी पुनर्वसनात झोपडीचा पुरावा एका वर्षाने चुकला तर माणूस अपात्र ठरतो.

पागडीवाला:
'खाजगी मालमत्ता समाजाच्या कामी किती लावता येते' याचा निकाल मुंबईच्याच एका प्रकरणात लागलाय, कसा कुणी काढला नाही?

उपकरप्राप्त इमारती, म्हणजे दुरुस्तीसाठी म्हाडाचा उपकर भरणाऱ्या जुन्या भाड्याच्या इमारती. मूळ १९,६४२. भाडं गोठलेलं, मालक दुरुस्ती करत नाही, भाडेकरू सोडत नाही. १९८६ मध्ये म्हाडा कायद्यात आठ-अ प्रकरण घातलं. ७० टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था करून अर्ज केला तर म्हाडा इमारत संपादित करून त्यांना देऊ शकते. मालकाला मोबदला महिन्याच्या भाड्याच्या १०० पट. महिना ४,००० गोळा होत असतील तर अख्ख्या इमारतीचे ४ लाख. मालकांची संघटना न्यायालयात गेली, प्रकरण नऊ न्यायमूर्तींपर्यंत पोचलं. ५ नोव्हेंबर २०२४ चा निकाल: घटनेच्या ३९(ब) मधली 'समाजाची भौतिक साधनं' म्हणजे सरसकट प्रत्येक खाजगी मालमत्ता नव्हे, काही असू शकते, निकष लावून. आठ-अ वैध की नाही, हे त्या पीठाने ठरवलं नाही.

आता गंमत बघा. गिरगावात ज्याला 'श्रीमंत घरमालक' म्हणायचं त्याचं इमारतीतून येणारं भाडं मेंटेनन्सलाही पुरत नाही, आणि पागडीच्या हजार फुटांत राहणाऱ्या भाडेकरूचा उपनगरात फ्लॅट असतो. श्रीमंत कोण? भाडे नियंत्रणाने गरीब वाचले हे खरं, पण त्याच कायद्याने काही श्रीमंतही वाचले. १९९९ च्या कायद्याने बँका आणि १ कोटीच्या वर भरणा भांडवल असलेल्या कंपन्यांचं संरक्षण काढलं, व्यक्तींचं तसंच ठेवलं.

काडेपेटी:
पागडीवाला, तुमचं आयडी बघता हितसंबंध जाहीर करा :)

मतपेटी:
राजकीय जबाबदारी म्हणताय आणि मतदानावर एक ओळ नाही? २०२४ च्या लोकसभेला दक्षिण मुंबईत मतदान जेमतेम ५० टक्के. विधानसभेला कुलाबा मुंबईत तळाला, ४५ च्याही आत.

पण मला मतापेक्षा नगरसेवक महत्त्वाचा वाटतो. मार्च २०२२ मध्ये पालिकेची मुदत संपली, पुढची निवडणूक १५ जानेवारी २०२६ ला. मधे पावणेचार वर्षं प्रशासक. २०२५-२६ चा ७४,४२७ कोटींचा अर्थसंकल्प एकाही निवडून आलेल्या माणसाच्या मताशिवाय मंजूर. ही रक्कम अनेक छोट्या राज्यांच्या बजेटपेक्षा मोठी आहे. श्रीमंत वस्तीत कुणाला फरक पडला? तिथे एएलएम (पालिकेशी जोडलेले रहिवाशांचे गट) असतात, निवृत्त सचिव असतात, वॉर्ड ऑफिसरला थेट फोन जातो. गोवंडीत नळजोडणीचा अर्ज अडला, गटार तुंबलं, शौचालयाची टाकी भरली तर नगरसेवकाच्या कार्यालयाशिवाय दार नाही, आणि ते दारच चार वर्षं बंद. निवडणूक लांबली म्हणून वाळकेश्वरातून किती जण बोलले? शंकासुराच्या 'बाहेर पडण्या'ला यापेक्षा चांगला पुरावा नाही.

पैशाचंही सांगतो. २०१७ पर्यंत कंपनीला तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या ७.५ टक्क्यांपर्यंतच पक्षांना देणगी देता येत होती. ती मर्यादा त्या वर्षी काढली, शिवाय निवडणूक रोखे आले, देणाऱ्याचं नाव गुप्त. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही रद्द केलं. उमेदवाराला लोकसभेला ९५ लाख, विधानसभेला ४० लाखांची खर्चमर्यादा. पक्षाला कसलीच नाही. तेव्हा श्रीमंतांनी निदान एवढं करावं: देणगी चेकने, उघड, आणि कुणाला दिली ते वार्षिक अहवालात ठळक.

पाववडा:
दोन पक्षांना दिली असेल तर दोन्ही ठळक.

खडूफळा:
शाळांबद्दल थोडक्यात. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, खाजगी शाळांतल्या २५ टक्के राखीव जागा हा एकमेव कायदा आहे जो श्रीमंताच्या आणि घरकाम करणाऱ्या बाईच्या मुलाला एका बाकावर बसवतो. राज्यात उत्पन्नमर्यादा १ लाख, शाळेला परतावा मुलामागे वर्षाला १७,६७०, तोही रखडत. फेब्रुवारी २०२४ मध्ये एक किलोमीटरच्या आत सरकारी शाळा असेल तर खाजगी शाळेला सूट दिली; मुंबईत एक किलोमीटरच्या आत काय नसतं? जुलैमध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली. दक्षिण मुंबईतल्या बऱ्याच नावाजलेल्या शाळा अल्पसंख्याक संस्थांच्या, त्यांना कायदा लागूच नाही. पण स्वतःहून २५ टक्के घ्यायला बंदीही नाही.

माहीमची खाडी:
अवांतर: दान आणि राजकारण वेगळं, असं शंकासूर म्हणतात. जुन्या मुंबईत तसं नव्हतं. माहीमचा कॉजवे १८४५ ला खुला झाला तो अवाबाई जमशेटजी जीजीभाई यांच्या १ लाख ५७ हजारांतून. अट अशी की सरकारने टोल घ्यायचा नाही. १९२६ च्या गोवर्धनदास सुंदरदास (केईएमच्या) वैद्यकीय महाविद्यालयाच्या देणगीला अट होती की अध्यापक भारतीयच हवेत. ही निव्वळ भूतदया नव्हे, सरकारला घातलेला पेच होता. आजच्या देणगीला अट असते ती कोनशिलेवरच्या नावाच्या आकाराची.

दुसरी बाजू:
खाडी, तेव्हा पालिकेत मत सगळ्यांना नव्हतं. मुंबईत प्रौढ मताधिकाराने पहिली पालिका निवडणूक १९४८ ला. शेटजी शहर चालवत होते म्हणून पूल बांधत होते. मताचा अधिकार सगळ्यांना मिळाला, ते अंग काढून बसले. आणि आता सीएसआर, म्हणजे कंपन्यांचा सक्तीचा सामाजिक खर्च, आहेच.

जमाखर्च:
सीएसआर श्रीमंताचा पैसा नव्हे, कंपनीचा. नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा नफा ५ कोटी, यातलं एक भरलं की तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के. त्यात तुमच्याआमच्या म्युच्युअल फंडाचाही हिस्सा असतो. फोटोत मात्र अध्यक्षच असतात.

धर्मादाय खाट:
इतके प्रतिसाद झाले आणि मुंबईतल्या श्रीमंतांवर आजच्या घडीला कायद्याने असलेली सगळ्यात ठोस जबाबदारी कुणी लिहिली नाही, म्हणून सविस्तर.

शहरात सत्तरच्या आसपास धर्मादाय रुग्णालयं आहेत. जमीन सवलतीत, जादा चटईक्षेत्र, करमाफी, हे सगळं सार्वजनिक न्यास म्हणून मिळालेलं. त्याबदल्यात सार्वजनिक न्यास कायद्याच्या ४१ कक अन्वये आणि उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार: १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत, १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत, आणि इतर सर्व रुग्णांच्या एकूण बिलाच्या २ टक्के 'निर्धन रुग्ण निधी'त. निर्धन म्हणजे कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत, दुर्बल म्हणजे ३ लाख ६० हजारांपर्यंत.

बिघडतं कुठे ते क्रमाने. पहिलं, काउंटरवर 'कोटा भरला' हे तोंडी उत्तर. रिकाम्या खाटांची माहिती धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर भरायची असते. ती बघून मगच काउंटरला जावं आणि वैद्यकीय समाजसेवकाला भेटावं, बिलिंगला नव्हे. दुसरं, खाट मोफत मिळते पण औषधं, स्टेंट, इम्प्लांट बाहेरून आणायला लावतात. निर्धनाच्या बाबतीत हा खर्च खरेदीच्या किमतीला निधीत टाकायचा असतो, रुग्णाच्या माथी नाही. दुर्बल घटकाला मात्र औषधं-साहित्याचा निम्मा तरी भार उचलावा लागतो, ही अपेक्षा आधीच ठेवावी. तिसरं, निधीचाच प्रश्न. महागडी शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयात २ टक्के लवकर संपतात आणि 'निधी उणे आहे' म्हणून नवा रुग्ण टाळतात. उलट काही ठिकाणी निधी पडून असतो.

शंकासूर, तुमच्या १०० कोटीवाल्यांपैकी बरेच जण अशा कुठल्यातरी न्यासाचे विश्वस्त असतात. आणि इथे नवा कायदाही लागत नाही. विश्वस्तांच्या प्रत्येक बैठकीत तीन आकडे मागायचे: निर्धन निधीची शिल्लक, राखीव खाटा महिन्यात सरासरी किती भरल्या, आणि किती जणांना लेखी नकार दिला. तिसरा आकडा शून्य येईल, कारण नकार लेखी देतच नाहीत. तो लेखी द्यायला लावणं विश्वस्ताच्या हातात आहे.

लालबागची मिरची:
हा प्रतिसाद छापून परळच्या बस स्टॉपवर लावायला हवा.

शंकासूर:
बरंच हाती लागलं. खाट यांचा मुद्दा सगळ्यात कामाचा, कारण उद्या सकाळी करता येतो. बिलवालींचा चढता मालमत्ता कर दुसरा. तो पालिकेच्या आणि राज्याच्या हातात आहे, दिल्लीला जावं लागत नाही. जमाखर्च, संपत्तीकर परत आणायचा तर शेअर आत हवेत आणि वसुली राज्यांच्या वाट्यात हवी, नाहीतर पुन्हा आजीच्या पाटल्याच, बरोबर?

जमाखर्च:
बरोबर. आणि उंबरठा ३० लाख नको. ज्या अभ्यासाचा आकडा तुम्ही सुरुवातीला दिलात, त्याच गटाने सुचवलेला १० कोटींचा उंबरठा धरला तर देशातल्या प्रौढांपैकी ०.०४ टक्के लोक येतात. या धाग्यावरचं कुणी नसावं.

काडेपेटी:
पागडीवाल्यांचं सांगता येत नाही.

दुसरी बाजू:
मालमत्ता कराच्या चढत्या टप्प्याला माझीही हरकत नाही, एका अटीवर: त्या पैशाचा वॉर्डनिहाय हिशेब बिलाच्या मागे छापावा. मामलेदार म्हणाले तसं, कशासाठी घेतलं ते कागदावर हवं. संपत्तीकराला विरोध कायम.

ठाणेकरीण:
@धर्मादाय खाट, एक व्यवहारातला प्रश्न. आमच्याकडे येणाऱ्या मावशींचं रेशनकार्ड गावचं आहे, उत्पन्नाचा दाखला काढलेला नाही. रात्री अचानक दाखल करायची वेळ आली तर?

धर्मादाय खाट:
तातडीचा रुग्ण असेल तर आधी दाखल करून स्थिर करणं बंधनकारक आहे, निर्धनाकडून अनामत रक्कम मागता येत नाही. कागद नंतर. दाखल करतानाच केसपेपरवर 'निर्धन योजनेखाली अर्ज' असं लिहून घ्या आणि वेळ टाकायला लावा. डिस्चार्जच्या वेळी सांगितलं तर बिल आधीच साध्या दराने बनलेलं असतं आणि ते फिरवायला कुणी तयार होत नाही. रेशनकार्ड गावचं असलं तरी सोबत ठेवा. दाखला तहसीलदाराचा लागतो, तो आत्ताच काढून ठेवा, आजारपणात धावपळ नको. दाखल करायला नकार दिला तर रुग्णालयाचं नाव, वेळ आणि नकार देणाऱ्याचं पद लिहून वरळीच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात तक्रार द्या, पोच घ्या.